आज्याच्या खोड्यांचा हिशेब

दोस्तहो, गावात खोडकर पोरगंही जात बघून ठरतं. वाड्यावरच्या पोरानं दगड मारला तर 'पोरगं लई खोडकर हाय' म्हणून गाव हसतं. तोच दगड आमच्या पोरानं मारला तर त्याला खोडी म्हणत नाहीत. 'माज आलाय' म्हणतात. 'लई मातलेत' म्हणतात. आणि पुढं त्याचा पंचनामा होतो.

माझा आजा या दुसऱ्या मापातला खोडकर. जिल्हा परभणी, तालुका सेलू, देवगाव फाटा. जालन्याहून मंठ्यावरून जिंतूरकडं जाणाऱ्या सडकेला जिथं सेलूचा रस्ता फुटतो तो हा फाटा. तिथून पायी जाण्यासारखं आमचं गाव. आज्याचा जन्म पोलीस ॲक्शनच्या सालचा. सप्टेंबर 1948 ला निजामाचं राज्य गेलं आणि त्याच पावसाळ्यात पणजीच्या पोटी हे रत्न आलं. पणजी म्हणायची, "एक रझाकार गेला अन् दुसरा मह्या घरात आला."

सध्या आपल्या पोरांनी वस्तीतल्या जुन्या माणसांच्या आठवणी गोळा करायचं काम काढलंय. काम चांगलं आहे. मला सांगितलं, तुझ्या आज्यावर लिही, लढाऊ कार्यकर्ता म्हणून लिही. मी घरात विचारायला बसलो तर आत्या हसायलाच लागली. चुलता हसला. माय तोंडाला पदर लावून हसली. आमच्या घरात आज्याचं नाव काढलं की हसूच येतं. आता हे हसू कुठल्या रकान्यात भरायचं? म्हणून ठरवलं, आधी खोड्याच लिहायच्या. आणि प्रत्येक खोडीखाली तिची किंमत लिहायची. किती पडली आणि कुणी भरली. जिनिंगमध्ये आम्ही रुईची गाठ काट्यावर घालतो तसं.

पहिली खोडी 1960 सालची. आजा बारा वर्षांचा. बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात धम्म दिला, त्याची हवा आमच्या गावातही पोचली होती. घरातले देव गाठोड्यात बांधून ओढ्यात सोडले होते. पण गावकी सुटली नव्हती. पणजा येसकर. सांजच्याला दारोदार भाकर मागायची, सांगावे न्यायचे, दवंडी द्यायची. देव सोडणं सोपं गेलं. देव काही भाकर देत नव्हते. दवंडी भाकर देत होती.

त्या दिवशी पणज्याला हिवताप. तलाठी येणार, सारा भरा, अशी दवंडी द्यायची होती. ताप असो नाहीतर मरण येवो, दवंडी चुकून चालत नव्हतं. पणज्यानं पोराच्या गळ्यात डफडं अडकवलं आणि पाठ करून घेतलं, "उद्या तलाठी येनार हाय हो, सारा घिऊन चावडीवर या हो." आजा निघाला. पहिल्या आळीत बरोबर बोलला. दुसऱ्या आळीत बरोबर बोलला. तिसऱ्या आळीत पोरं मागं लागली, खिदळायला लागली, आणि याच्या जिभेला खाज सुटली. डफड्यावर टिपरू हाणून ओरडला, "उद्या पाटलाच्या वाड्यावर गावजेवन हाय होऽऽ! समद्यांनी आपापला तांब्या-ताटली घिऊन या होऽऽ!"

दुसऱ्या दिवशी तलाठी चावडीवर एकटाच माशा मारत बसला. सारं गाव तांब्या-ताटल्या घेऊन वाड्यापुढं.

पाटलाची पंचाईत झाली. नाही म्हणावं तर अब्रू जाते, हो म्हणावं तर कणगी रिकामी होते. शेवटी अब्रू जड भरली. चुली पेटल्या, भाकरी झाल्या, वरण झालं. गाव जेवलं आणि पाटलाच्या दानतीचा बोभाटा झाला. आमची माणसं सगळ्यात शेवटी, उकिरड्याच्या कडेला बसून जेवली. आत्या हे सांगताना इथं थांबते आणि डोळे पुसते. कारण जेवणाऱ्यांत पणजाही होता. अंगात ताप घेऊन, घोंगडं पांघरून गेला होता. त्याला वाटलं खरंच पंगत आहे. दवंडी आपल्याच घरातून गेली हे त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं.

किंमत: दुसऱ्या दिवशी ठाऊक झालं. पणज्याला वाड्यावर बोलावलं. तिथं काय झालं ते घरात कुणी सांगत नाही. पण त्या सालापासून खळ्यावरचं बलुतं बंद झालं, ते झालंच. वर्षाची ज्वारी गेली. पणजी लाकडाच्या मोळ्या विकायला लागली. काही डोक्यावर घेऊन थेट सेलूच्या बाजाराला, काही फाट्यावर. म्हणजे बघा, धम्म घेऊन चार वर्षं झाली तरी जी गावकी आमच्या गळ्यातून निघाली नव्हती, ती एका पोराच्या जिभेनं निघाली. कुणी याला चळवळ म्हणेल. आत्या म्हणते, "कशाची आलीय चळवळ, जिभंची वळवळ."

दुसरी खोडी 1963 च्या आसपासची. सेलूला टुरिंग टॉकीजचा तंबू लागला होता. दिलीपकुमारचा 'गंगा जमुना' 1961 साली निघाला, तो फिरत फिरत आमच्याकडं दोन वर्षांनी आला. आज्याकडं तिकिटाला पैसा नाही. घरात एक अंड्यावरची कोंबडी. सांजच्याला कोंबडी गायब. आज्यानं सांगितलं, मुंगसानं नेली. मुंगूस कसं आलं, कसं झडप घालून गेलं, सगळं अभिनयासह करून दाखवलं. पणजीला खरं वाटलं. दोन रात्रींनी झोपेत हा बडबडला, ते दिलीपकुमारच्या बोलीत. पणजीनं उठून चुलीतलं लाकूड उचललं.

या खोडीत विद्रोह शोधू नका. नाही तो. आईची कोंबडी चोरून सिनेमा बघितला, एवढंच. किंमतही फक्त पणजीनंच भरली, अंड्यांच्या रूपानं.

पण ही गोष्ट मी दुसऱ्या एका गोष्टीशेजारी ठेवतो. साताऱ्याला एक पोरगं होतं. भिवा त्याचं नाव. घरी आत्याच्या हाताखाली वाढत होतं. त्यानं ऐकलं की साताऱ्याची पोरं मुंबईला जाऊन गिरणीत कामाला लागतात. त्यालाही वाटलं आपण मुंबई गाठावी, गिरणीत लागावं, कुणावर अवलंबून राहू नये. गाडीभाड्याला पैसे नव्हते. मग त्यानं आत्याच्या कंबरेला असायची ती पैशाची पिशवी लांबवायचं ठरवलं. काही रात्री हाताला लागली नाही. शेवटी लागली, तर आत निघाला अर्धा आणा. तेव्हा पोरगं खजील झालं आणि अभ्यासाला लागलं. हा भिवा म्हणजे आपले बाबासाहेब. त्यांनी स्वतः सांगितलेली गोष्ट आहे, चरित्रात छापलेली आहे. याच भिवानं साताऱ्यात भर पावसात छत्री न घेता शाळेत जायची पैज मारली होती आणि चिंब भिजून वर्गात जाऊन उभा राहिला होता.

जिनिंगच्या रात्रपाळीत, सरकीच्या ढिगाला पाठ लावून मी हे वाचलं तेव्हा एकटाच हसलो. आत्याच्या पिशवीत पैसे निघाले असते तर बाबासाहेब गिरणी कामगार झाले असते! आपण पुतळ्यातले बाबासाहेब बघतो. सूट, हातात संविधान, वर केलेलं बोट. पावसात भिजणारा भिवा आपल्या पोस्टरवर कधी येत नाही. का येत नाही? खोडी केल्यानं माणूस लहान होतो असं आपल्याला कुणी शिकवलं?

तिसरी खोडी 1966 ची. ही आमच्या भागात आजही सांगतात, पण नाव गाळून सांगतात.

फाट्यावर तेव्हा एकच चहाचं हॉटेल. कुडाचं. आत लाकडी फळीवर कपबश्या. बाहेर कुडात खोचलेली एक कानतुटकी कपबशी, ती आमची. आपणच काढायची, आपणच धुवायची, पुढं धरायची. मालक हातभर वरून चहा ओतणार. पैसे भुईवर ठेवायचे, त्यावर पाणी शिंपडून तो उचलणार. चहा प्यायचा तो उन्हात, उकिडवं बसून. संविधान 1950 साली आलं होतं. अस्पृश्यता गुन्हा कायदा 1955 साली आला होता. हॉटेलातल्या भांड्यावरून भेद करणं त्या कायद्यानं गुन्हा होतं. पण कायदा दिल्लीत होता आणि कपबशी फाट्यावर होती.

सेलूच्या बाजाराचा दिवस. दुपारची वेळ, फाटा रिकामा, मालक घोरत पडलेला. आजा मागून कुड सारून आत शिरला. फळीवर चोवीस कप. एकेक घ्यायचा, दगडाला हळूच टेकवायचा. टक्. कान बाजूला, कप शाबूत. पुढचा घ्यायचा. टक्. चोवीसच्या चोवीस कपांचे कान उडवले आणि एकही कप फुटू दिला नाही. मग कुडातली आपली कपबशी काढली, धुतली, आणि फळीवर मधेच कुठंतरी ठेवून दिली.

मालक उठला. फळीवर पंचवीस कप आणि सगळे कानतुटके. कुडात हात घातला तर कुड रिकामा. बाजाराहून परतणारी माणसं चहाला टेकली. एकानं विचारलं, "यातली महाराची कंची?" मालक फळीकडं बघतोय, गिऱ्हाईक मालकाकडं बघतंय. उत्तर कुणाजवळच नाही. तीन दिवस गावातल्या एकानंही त्या हॉटेलात चहा घेतला नाही. सगळ्या कपांचा धंदा बसला. शेवटी मालकाला सेलूहून नव्या कपबश्या आणाव्या लागल्या.

आजा सापडला कसा? कपांचे कान त्याच्याच खिशात होते. चोवीसच्या चोवीस. फेकून द्यायचं सोडून वस्तीतल्या पोरांना खेळायला वाटत बसला होता. सतरा-अठरा वर्षांचा बाप्या आणि अक्कल ही अशी.

किंमत: मार. किती ते आज्याच्या डाव्या खांद्याला ठाऊक. तो हात मरेपर्यंत पुरता वर गेला नाही. वरून कपबश्यांची भरपाई. पणजीनं दंडातलं चांदीचं कडं सेलूला नेऊन मोडलं. आता हिशेब नीट बघा. वेगळी कपबशी ठेवणं हा देशाच्या कायद्यानं गुन्हा. तो करणाऱ्याला नुकसानभरपाई मिळाली. आणि तो गुन्हा मोडून काढणाऱ्याचा खांदा मोडला. आमच्या गावात न्याय तेव्हा असा उलटा टांगलेला होता.

पणजी यावर एक शब्द बोलली नाही. मोळी घेऊन फाट्यावर जातच राहिली. त्याच हॉटेलात तिचं सरपण जायचं. पण आत्या सांगते की त्यानंतर वर्षभर ती मोळीच्या पोटात ओली बाभळ घालायची. वरून वाळकी, आतून ओली. हॉटेल धुरानं भरायचं, मालक खोकत बाहेर यायचा, गिऱ्हाईक डोळे चोळत पळायचं. पणजी लांब रस्त्यावर उभी राहून डोक्यावरची चुंबळ नीट करत बघायची. आज्याच्या खोड्या सगळ्यांना पाठ आहेत. ही खोडी मी विचारली म्हणून निघाली. आपल्या घरातल्या बायांच्या खोड्या मोळीच्या पोटातच राहतात.

मी आज्याला एकदा सरळ विचारलं होतं. 2019 साल असेल. हा गेला 2021 ला. मी नुकतं वाचायला लागलो होतो, डोक्यात मोठे मोठे शब्द होते. म्हटलं, "आज्या, तू कपांचे कान तोडलेस ते समतेसाठी ना?" तो बिडी झाडत म्हणाला, "कशाची समता रं. कानंच लई देखनी व्हती. तोडून बघावं वाटलं." मी हिरमुसलो. जरा वेळानं आपणहून म्हणाला, "आन् आपल्या कपाला नव्हता कान, तर त्याह्यच्या कामून?"

आता यातलं खोडी कोणतं आणि समता कोणतं, तुम्हीच वेगळं काढा. मला जमलं नाही.

चौथी खोडी दुष्काळातली. 1972 चा दुष्काळ म्हटलं की म्हातारी माणसं अजून पाण्याचा तांब्या जपून ठेवतात. परदेशातून आलेली मिलो ज्वारी, तांबडी, चामट. वाटपाची सुकडी. आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडणारी माणसंच माणसं. आजा चोविशीचा, लग्न झालेला, माझा बाप तान्हा. 1973 च्या उन्हाळ्यात सारं गाव खडीवर होतं. ज्यांनी जन्मात घण धरला नव्हता ते वाड्याच्या भावकीतलेही होते. दुष्काळानं सगळ्यांना एका रांगेत बसवलं होतं. धुळीनं तोंडं सारखीच झाली होती. फरक दुपारी कळायचा. भाकरीची गठुडी टांगायला दोन झाडं होती. लिंब त्यांचा, बाभळ आमची.

आज्याच्या पायाचा अंगठा दगडाखाली सापडून फुटला. मुकादमानं त्याला कावळे-कुत्री हाकलायला बसवलं. गोफण घेऊन लांब बसायचं, गठुड्याला हात लावायचा नाही. एक दिवस हजेरीला सगळे मुकादमाच्या छपराकडं गेले. झाडांखाली आजा एकटा. त्यानं बाभळीवरची गठुडी सोडली, लिंबावरची सोडली, आतल्या भाकरी इकडच्या तिकडं केल्या आणि पहिल्यासारख्या गाठी मारल्या. फडकी त्याचीच त्याला, भाकर दुसऱ्याची. सगळ्यांची मिलोचीच भाकर, सगळ्यांचा मिरचीचाच ठेचा. ओळखणार कोण? दुपारी लिंबाखाली वाड्याच्या भावकीतला एक म्हातारा आजीच्या हातची भाकर मोडून खात बसला आणि म्हणाला, "आज सुनंचा हात बरा लागलाय."

आजा बाभळीखाली पालथा पडला. पोटात कळ आली म्हणून सांगितलं. हसू दाबायला त्यानं तोंडात माती धरली होती.

ही खोडी त्यानं कुणालाच सांगितली नाही. मित्राला नाही, बायकोला नाही. कळलं असतं तर खांद्यावर भागलं नसतं. विचार करा दोस्तहो, एवढी मोठी गंमत करायची आणि एकट्यानं हसायचं, तेही तोंडात माती धरून. ज्याला वाड्यावर खोडी म्हणतात ती चारचौघांत सांगायची असते, पारावर टाळ्या घेत सांगायची असते. आमच्या माणसाला खोडी करूनही ती पचवायला लागते.

त्यानंतर 1978. 27 जुलैला विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव द्यायचा ठराव केला आणि मराठवाडा पेटवला गेला. परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतल्या वस्त्यांनी फार सोसलं. नांदेड जिल्ह्यात टेंभुर्णीला पोचिराम कांबळेंना मारलं. आमच्या वस्तीवरही आले. आमचं छप्पर जळालं. घरातली माणसं तीन रात्री ओढ्याच्या कपारीत बसून होती. आज्याला कोल्हा काढता यायचा, घुबड काढता यायचं, पाटलाचं खाकरणं तर असं काढायचा की वाड्यावरची कुत्री उठून बसायची. त्या तीन रात्री त्यानं तोंडातून आवाज काढला नाही. आत्या चार वर्षांची होती. ती रडू नये म्हणून तिच्या तोंडावर हात दाबून बसला होता. आत्या म्हणते, "बाबाच्या हाताला जळक्या वासाचं काहीतरी येत व्हतं, तेवढंच मला आठवतं."

1978 नंतरची एकही खोडी आमच्या घरात सांगितली जात नाही. कारण ती झालीच नाही. आजा मोर्च्याला जायचा, मागच्या रांगेत चालायचा, गप्प परत यायचा. तेव्हा तो तिशीचा होता. गाव म्हणायला लागलं, "बरं झालं, आता शहाणा झाला." वयानं शहाणा होणं वेगळं. याला छप्पर जाळून शहाणा केला. त्या दंगलीत काय काय गेलं त्याचे आकडे सरकारी कागदात असतील. घरं, बैलं, धान्य. पण एका माणसाच्या खोड्या गेल्या, त्याची नोंद कुठल्या पंचनाम्यात करायची?

14 जानेवारी 1994 ला नामविस्तार झाला. संक्रांतीचा दिवस. त्या रात्री वस्तीत पेढे वाटले, पोरं नाचली. आजा उंबऱ्यावर बसला होता. सोळा वर्षांत पहिल्यांदा त्यानं तोंड उघडलं आणि भाकरीची गोष्ट सांगितली. चुलता हसून लोळला. माझा बाप हसला. आजी मात्र ताडकन उठली. तिचा हात थरथरत होता. म्हणाली, "तवा कळलं असतं तर? मह्या पदरात तान्हं लेकरू व्हतं. तुमाला मारलं असतं, मला कुठं ठुलं असतं? हासता काय, भाड्यानो!" सगळे गप झाले. बाहेर डफ वाजत होता, घरात चिडीचूप. बऱ्याच वेळानं आजीनंच विचारलं, "कोन म्हनला व्हता, हात बरा लागलाय म्हून?"

किंमत: एकवीस वर्षांची गप्पी. आणि आजीची त्या रात्रीची थरथर. पैशात किती ते मला मांडता येत नाही.

हे जुनं झालं म्हणाल तर आजचं बघा. मे 2015 मध्ये शिर्डीत सागर शेजवळ या तरुणाचा खून झाला. वाद निघाला तो मोबाईलवर वाजलेल्या बाबासाहेबांच्या गाण्यावरून. 1 जून 2023 ला नांदेडजवळ बोंढार हवेलीत अक्षय भालेरावचा खून झाला. गावात भीमजयंती साजरी केल्याचा राग त्यामागं होता अशी घरच्यांची फिर्याद आहे. डिसेंबर 2024 मध्ये आपल्या परभणीत पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची मोडतोड झाली, बंद झाला, वस्त्यांतून माणसं धरून नेली, आणि कायद्याचं शिक्षण घेणारा सोमनाथ सूर्यवंशी 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. गाणं वाजवणं, जयंतीत नाचणं, ही तर खोडीसुद्धा नाही. हे नुसतं तरुण असणं आहे. त्याचीही किंमत घेतली जाते. मग आपल्या माया पोरांना काय सांगतात? "गाणं बारीक लाव. फाट्यावर उभा राहू नको. शहाण्यासारखा वाग." आज्याला 1978 नं जे केलं ते आता आईच्या तोंडून रोज होतं. माय चुकीची नाही. तिला किंमत पाठ आहे.

म्हणून माझं एकच म्हणणं आहे. आपण आपल्या म्हाताऱ्यांना लढवय्ये करायला निघालोत, करूया. पण त्या नादात त्यांच्या खोड्या पुसू नका. माझ्या आज्याला मी क्रांतिकारक करू शकतो. कपांच्या कानाचं भाषण करता येतं, टाळ्याही पडतील. पण मग कोंबडी चोरणारा आजा जातो, खिशात चोवीस कान घेऊन फिरणारा येडा आजा जातो, आणि उरतो तो कुणाचाही आजा. ज्यांनी त्याला शहाणा केला त्यांनी त्याचं हसू नेलं. आपण त्याला थोर करायच्या नादात उरलेलं नेऊ नये. आमच्या माणसाला नुसतं खोडकर असायचा हक्क कधी मिळाला नाही. वाड्यावर तो जन्मानं मिळतो. हा हक्कही आपल्या मागण्यांच्या यादीत घाला.

आणि खोडी लिहिताना किंमत लिहायला विसरू नका. नाहीतर गाव हसतं तसं आपणही नुसतं हसू. पणज्याचं बलुतं लिहा, पणजीचं कडं लिहा, आजीची थरथर लिहा. खोडी करणारा बाप्या गोष्टीत राहतो, भरपाई करणारी बाई गोष्टीतून गळते. तिची ओली बाभळ शोधून काढा.

तर ज्यांनी हे आठवणींचं काम अंगावर घेतलंय त्यांना सांगतो. वस्तीत जाल तेव्हा म्हाताऱ्यांना 'तुम्ही लढा कसा दिला' असं विचारू नका. ते हात जोडतील आणि गप होतील. 'तरणेपणी खोडी काय केली' असं विचारा. डोळे कसे लकाकतात बघा. पोटभर हसू द्या, तुम्हीही हसा. मग हळूच विचारा, मार कुणी खाल्ला, पैसे कुणी भरले, आणि तेव्हा घरातली बाई काय करत होती. तीनही उत्तरं एकाच पानावर लिहा. साल घाला, गाव घाला. पान कितीही मळकं असू द्या, आपण छापू.

जयभीम.